फणसाचा पाय

लाकडं बोलायची तेव्हाची गोष्ट. पटली तर घ्या. महोगनीच्या एका खुर्चीचा पाय मोडला, तर सुताराने तिथं फणसाचा बसवला. खुर्ची त्याला उठता-बसता हिणवी, "उपऱ्या! मी सातासमुद्रापलीकडची."

म्हातारपणी ती जुन्या बाजारात आली. महोगनी ठरली तर दिवाणखाना, नाहीतर बंबाचं सरपण. पॉलिशखाली चारही पाय सारखेच. धोंडूनाना पारख्याने नेमकी फणसाच्या पायाची कपची काढून भिंगाखाली धरली. "हॅट्! ही कसली महोगनी? फोडा!"

पाय ओरडला, "नाना, मी ठिगळ आहे! शेजारच्या पायाची कपची बघा."

नानांनी बघितली. "खरीच की गं तू! मग हे ठिगळच घालतो बंबात."

"खबरदार!" खुर्ची कडाडली. "चाळीस वर्षं यानंच मला उभं धरलंय. याच्याशिवाय मी नुसती महोगनी, खुर्ची कुठली?"