तीळभरही न हललेली मोहरी

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे एक तरुण शिकायला आला, आणि आल्या दिवसापासून त्याला त्यांचा संशय येऊ लागला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा कथांतले शिष्य सहसा भाबडे असतात. हा तसा नव्हता. मीही नाही. दृष्टांतातले म्हातारे सगळे ओळखून असतात, याचा मला स्वतःला फार संशय येतो. पण या आचार्यांनी जे ओळखले ते कसे ओळखले हे त्यांनी नंतर सांगितले, म्हणून ही गोष्ट मी सांगायला घेतली.

आचार्य एका लहान गावात, शाळेमागच्या दोन खोल्यांत राहत. दर गुरुवारी सायंकाळी गावातले तीस-चाळीस लोक त्यांच्या ओसरीवर जमत. आचार्य एखादे पुस्तक हातात घेऊन तासभर वाचत, मध्येच थांबत, दोन शब्द बोलत आणि पुन्हा वाचत. चाळीस वर्षे हा परिपाठ अखंड चालला होता. आता आवाज थकला होता. त्या आसनावर आपल्यामागे कोणी बसावे, हा त्यांच्यापुढे प्रश्न होता, आणि त्या तरुणाला ते आसन मनापासून हवे होते. त्यासाठी शहरातली नोकरी सोडून, वडिलांशी भांडून तो आला होता.

आचार्यांनी दसऱ्याच्या दिवशी त्याला एक जाड वही, एक टाक आणि शाईची दौत दिली.

"रोज एक पान लिही," ते म्हणाले. "वर्ष संपलं की पुढच्या दसऱ्याला आसनाचं ठरवू."

"काय लिहू?"

"दिवस लिही. मी ते वाचणार नाही."

वाचणार नाहीत, तर मग ठरवणार कशावरून? शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. आपण नसताना हे वही उघडणार, याविषयी त्याला खात्रीच वाटू लागली. त्यातून दोन खोल्यांच्या मधले दार आचार्य सदैव उघडे ठेवीत. शिष्याने दोनदा ते लोटून पाहिले. दोन्ही वेळा आचार्यांनी उठून ते पुन्हा उघडले आणि आपल्या पुस्तकात डोके घातले.

तेव्हा शिष्याने व्यवहारी माणूस करील तेच केले. तो आचार्यांना वाचता येईल असेच लिहू लागला. अक्षर त्याचे मुळातच सुरेख होते. आचार्यांची शांत मुद्रा, त्यांचा संयम, पहाटेच्या प्रकाशात पुस्तकावर झुकलेली त्यांची मान यांवर त्याने पानेच्या पाने लिहिली. चवीपुरती एखादी लाडिक तक्रारही तो घाली, म्हणजे सारे खरे वाटावे. पान झाले की त्यावर तिरका टाक ठेवून, शेजारी कडुनिंबाची डहाळी मांडून तो मोबाईलने त्याचे छायाचित्र काढी आणि लोकांना पाहायला टाकी. सहा महिन्यांत चार हजार माणसे त्याची पाने रोज पाहू लागली. हस्ताक्षर किती सुंदर, आजच्या काळात वही लिहिणारा तरुण किती दुर्मीळ, असे अभिप्राय येत. आचार्यांकडे मोबाईल नव्हता, त्यामुळे या गोष्टीचा त्यांच्याशी काही संबंध आहे असे त्याला वाटलेच नाही.

तुमच्या लक्षात आले असेल. त्याच्या आले नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही आले नसते.

एके दिवशी त्याने लिहिले, की आचार्य चष्मा कपाळावर चढवतात आणि मग घरभर शोधतात. दुसऱ्या दिवशी चष्म्याला दोरी आली. चहात आल्याचा तुकडा असता तर बरे झाले असते, असे लिहिले. तिसऱ्या सकाळी चहात आले होते. शिष्याचा संशय पक्का झाला. त्याने वहीच्या मिटल्या कडेवर मोहरीचा एक दाणा ठेवला. वही कोणी जरा उचलली तरी दाणा घरंगळून पडला असता. संध्याकाळी येऊन पाहिले तर दाणा तीळभरही हललेला नव्हता, आणि तरीही आचार्य जेवताना म्हणाले, "तुला दोडक्याची भाजी आवडत नाही तर सांगायचं की." हे त्याने आदल्या दिवशीच लिहिले होते. त्याने वही पेटीत ठेवून कुलूप लावले. किल्ली गळ्यात घातली. तरी आचार्यांना कळायचे ते कळतच राहिले. म्हणजे दुसरी किल्ली आहे, असे त्याने धरले, आणि या माणसाच्या गुरुवारच्या गोड वाणीमागे काय काय दडले असेल या विचाराने त्याला शिसारी आली.

अखेर वैशाखात त्याने सापळा लावला. वहीत धादांत खोटे लिहिले: 'उद्या माझा वाढदिवस. इथे कोणाला ठाऊक नाही.'

सकाळी आचार्यांनी त्याच्यापुढे शिऱ्याची बशी ठेवली.

शिष्याने बशी बाजूला सारली. "आचार्य, तुम्ही मला शब्द दिला होता. आज माझा वाढदिवस नाही. ते मी तुम्हाला पकडायला लिहिलं होतं. सात महिने तुम्ही माझी वही चोरून वाचताय."

आचार्यांनी त्याच्याकडे पाहिले. नाकारले नाही, कबूलही केले नाही. "वही आण," एवढेच म्हणाले.

वही घेऊन ते चौकातल्या दूध संकलन केंद्रापर्यंत चालत गेले. तिथे सकाळी सारे गाव किटल्या घेऊन रांगेत उभे असते. समोरच्या बाकावर त्यांनी वही उघडी ठेवली, वारा लागू नये म्हणून वर दगड ठेवला आणि शिष्याला म्हणाले, "तीन दिवस इथे राहू दे. तू समोरच्या शिंप्याच्या दुकानात बस आणि कोण कोण वाचतं ते बघ."

शिष्याला यातही डाव दिसला. चारचौघांत आपली शोभा करण्याचा हा बेत असावा, असे त्याला वाटले. तरी तो बसला. डोळ्यांत तेल घालून बसला. पहिल्या दिवशी शंभरएक माणसे बाकाजवळून गेली, एकानेही पान पालटले नाही. दुसऱ्या दिवशी एकजण बाकावर टेकला. त्याने वही हलक्या हाताने कडेला सारली आणि बिडी ओढून निघून गेला. शिष्याला आधी सुटल्यासारखे वाटले. मग दुपारपर्यंत वाईट वाटू लागले. आपले सात महिने तिथे उघडे पडले आहेत आणि कोणालाच त्यात डोकवावेसे वाटत नाही, हे त्याला सोसेना.

तिसऱ्या दिवशी रतीब घालणारी तानूबाई वही पदराखाली धरून आचार्यांच्या ओसरीवर आली. मागोमाग शिष्यही आला.

"दादा, वही तुमची तिथंच र्‍हायली," ती म्हणाली. "उन्हानं पानं वाकडी व्हाया लागली, म्हनून आनली."

"वाचली नाही तुम्ही?" शिष्याने विचारले.

"आता तिच्यात काय वाचायचं? रोज वाचतो की मोबाईलवर. माझी लेक वाचून दावती. समदं गाव वाचतं. वाढदिवसाचं बी मीच सांगितलं गुरुजींना, त्या दिशी शिऱ्याला दूध जास्तीचं घातलं हुतं." ती हसली. "अक्षर लई झ्याक हाय तुमचं. छापल्यावानी."

ती गेल्यावर शिष्य बराच वेळ ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. त्याला लाज वाटली, भयंकर लाज वाटली. चार हजारांपुढे स्वतःच्या हाताने जे मांडले, त्याचा पहारा तो मोहरीच्या दाण्याकडून करवीत होता.

"मी तुमच्यावर चोरीचा आळ घेतला," तो म्हणाला.

"घेतलास. ते मी विसरेन." आचार्यांनी त्याला शेजारी बसवले. "दुसरी गोष्ट विसरता येणार नाही. वही मी उघडली नाही, पण ती तू दुसऱ्या कुणासाठी तरी लिहितोस, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. टाक कागदावर कुरकुरतो. मधलं दार मी त्यासाठीच उघडं ठेवलं होतं. सात महिन्यांत तू एक शब्दही खोडल्याचा आवाज मला आला नाही. माणूस स्वतःशी बोलायला बसला की पहिला शब्द खोटा निघतो, तो खोडावा लागतो. दुसराही बहुधा खोडावा लागतो. तुला एकही खोडावा लागला नाही, कारण पाहणाऱ्याला काय आवडेल ते तुला आधीच ठाऊक असायचं. मागे एका गुरुवारी तू माझ्याऐवजी दोन पानं वाचलीस, तेव्हाही तुझी नजर दर ओळीला वर येत होती. लोक बघत होतास तू. पुस्तक तुझ्या हातात नुसतं धरलेलं होतं."

शिष्याने वही मांडीवर ओढली.

"खरा वाढदिवस केव्हा असतो तुझा?"

"पौषात. झाला."

"त्या दिवसाचं पान काढ. मला दाखवू नकोस. तू वाच."

शिष्याने पान काढले. त्या दिवशी सकाळी वडिलांचा फोन आला होता. तीनदा वाजला होता. त्याने तो घेतला नव्हता, आणि नंतरही कधी उलट केला नव्हता. पानावर आचार्यांच्या मुद्रेवरील शांतीचे वर्णन होते. सुरेख, एकसारख्या अक्षरात, खाली एकही डाग नसलेले. त्याने ते दोनदा वाचले आणि वही मिटली. डोळे पुसायला त्याला उपरणे मिळाले नाही, तेव्हा त्याने बाहीने पुसले.

"आसनाचं काय?" थोड्या वेळाने त्याने विचारले.

"दसऱ्याला अजून पाच महिने आहेत," आचार्य म्हणाले आणि आत जाऊन आपले पुस्तक वाचू लागले.

दुपारी शिष्य आपल्या खोलीत वही घेऊन बसला. मोबाईल त्याने समोरच ठेवला होता. त्याच्याकडे पाहिले, उचलला आणि पेटीत टाकला. मोहरी या वेळी ठेवली नाही. टाक दौतीत बुडवून त्याने 'बाबांचा फोन' असे लिहिले आणि पुढे त्याला काही सुचेना. मग एक ओळ लिहिली. ती वाचून त्याने तिच्यावर टाकाची एक लांब रेघ ओढली. पुन्हा लिहिली. पुन्हा रेघ.

पलीकडच्या खोलीत आचार्यांनी पुस्तकातून मान वर केली. तो कर्रकर्र आवाज त्यांनी क्षणभर ऐकला. मग ते उठले आणि सात महिने उघडे असलेले मधले दार त्यांनी हलकेच लावून घेतले.