पाच वाजायच्या आत

एकदा एक कारखानाप्रमुख, पंचवीस वर्षे यंत्रांच्या संगतीत घालवून, करिअर-मार्गदर्शनाच्या एका संस्थेचा संचालक झाला. संस्था उभारणारे वृद्ध गृहस्थ आता थकले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पहिल्या दिवशी ते त्याला म्हणाले, "कारभार उद्यापासून तुमचा. आज नुसते माझ्याजवळ बसा. बोलू नका."

दुपारी चारला ललिता शेवाळे नावाच्या बाई आल्या. त्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा-तपासनीस होत्या. तो कारखाना बंद होत होता. कंपनीने दुसऱ्या शहरात बढती देऊ केली होती, पण त्याच दिवशी पाचच्या आत होकार गेला नाही, तर नोकरी संपणार होती.

"घरात मिळवणारी मी एकटीच," त्या म्हणाल्या. "काय करू?"

संचालकाला राहवले नाही. "यात विचार कसला? पद वाढतंय. आत्ताच कळवून टाका."

बाईंनी फोन काढला. तोच अण्णांनी हात पुढे केला, फोन मागून घेतला आणि मेजाच्या खणात ठेवून दिला. "बसा थोडं," एवढेच म्हणून ते गप्प झाले.

सव्वाचार झाले. साडेचार झाले. कोणी बोलेना. संचालक सारखा घड्याळाकडे पाहत होता. हा वृद्ध माणूस एका घराच्या तोंडचा घास काढतो आहे, असेच त्याला वाटत होते.

"अण्णा, यांची नोकरी जाईल हो!"

अण्णांनी फक्त हात वर केला.

मग ललिताबाई अगदी हळू बोलल्या. "तिथे नव्या जागी माझं मुख्य काम यंत्रं सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही करण्याचं. इथे मी एक सही न तपासता केली आहे. संध्याकाळच्या आत टाकी सुरू झालीच पाहिजे, म्हणून साहेबांनी दडपण आणलं. झडप फुटली. एका कामगाराचे डोळे गेले. हे मी घरीसुद्धा बोललेले नाही."

अण्णांनी खण उघडून फोन त्यांच्यापुढे ठेवला. "आता लिहा, मनाला येईल ते."

त्यांनी लिहिले, 'येण्यास तयार आहे. स्वतः तपासल्याशिवाय सही करणार नाही. हे लेखी मान्य असावे.' पाचला सात मिनिटे कमी होती.

पाचच्या ठोक्याला उत्तर आले. अट अमान्य. बाईंनी ते दोनदा वाचले. मग पदर सावरून उठल्या. "टाकीची चौकशी अजून चालू आहे. उद्या तिथे जाऊन खरं काय ते सांगते."

त्या गेल्यावर संचालक उसळून म्हणाला, "गेली ना नोकरी!"

"गेली. त्यांना दुसरी मिळवून देणं हे उद्यापासून तुमचं काम," अण्णा म्हणाले. "यंत्र थांबलं की बिघाड समजायचा आणि ते लगेच सुरू करायचं, ही तुमची विद्या. इथे थांबलेली माणसं येतात. ती बिघडलेली नसतात. आतून काहीतरी त्यांना अडवत असतं. ढकललं तर ती चालूही लागतात. पण मग त्या अडवणाऱ्याचं ऐकायचं राहून जातं."

'संध्याकाळच्या आत' असे आपण स्वतः कुणाकुणाला, कोणत्या सहीसाठी म्हणालो होतो, ते संचालक एकेक करून आठवू लागला. अण्णा निघण्यासाठी उठले होते. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ते पुन्हा खाली बसले.