मकरंदसेन राजाने भुवया उचलल्या

एका राज्यात मकरंदसेन नावाचा राजा होता, आणि त्याच्या सिंहासनाला एक खोड होती. सिंहासनावर बसून राजाने एखाद्या माणसाबद्दल शब्द उच्चारला, की त्या माणसाचा दगड होई. लिहून निवाडा द्यावा, तर कागद पेट घेई. म्हणून सात पिढ्या तिथे न्याय चेहऱ्याने होत असे. राजाने भुवया उचलल्या, की आरोपी सुटला. तीन सकाळी पुकारा होऊनही चेहरा हलला नाही, की कडेलोट. अर्थ लावायला रंगोपंत नावाचे मुखपंडित होते. राजाची प्रत्येक मुद्रा त्यांना पाठ, आणि राजा कुठेही असो, मुद्रा म्हणजे हुकूम. बिचाऱ्याला जांभई द्यायचीही चोरी!

राजाचं वय बावन्न. एकदा शेजारच्या राज्याचा वकील आला आणि त्याला मुजरा करून म्हणाला, "थोरले महाराज, आपले चिरंजीव राजे कुठे आहेत?" झालं! राजाच्या जिव्हारी लागलं. तेव्हा लेपनाथ मांत्रिक पुढे आला, हातात सोन्याचा करंडा.

"महाराज, हा लेप लावा. पंचविशीचे व्हाल आणि पंचविशीचेच राहाल."

राजाने लावला. सात दिवसांत आठ्या गेल्या, गाल केळीच्या पानासारखे गुळगुळीत झाले. राजा आनंदाने वेडा व्हायचाच बाकी राहिला. तो आनंद चेहऱ्यावर मात्र दिसत नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आलं ते एकीच्या. यमाई माळीण, राजाच्या बागेत तीस वर्षं राबलेली. लेपाचा एक थेंब मोगऱ्याच्या कळीवर सांडला होता. ती कळी सुकेना आणि उमलेनाही. यमाई काय समजायचं ते समजली, आणि राजाच्या डोळ्यांदेखत तिने खुरप्याने करंडा फोडला. दुसरं कुणी असतं तर आधी अर्ज केला असता. यमाईला एवढा दम कुठला!

"राजाच्या तारुण्यावर हात टाकला," लेपनाथाने फिर्याद लावली. "हिचा कडेलोट झाला पाहिजे."

राजाही तेव्हा भडकलेला. "घाला कोठडीत," म्हणाला. फिर्याद एकदा लागली की राजालाही मागे घेता येत नसे, असा तिथला कायदा.

राग उतरला आणि राजा आरशापुढे बसला. भुवया उचलून पाहिल्या, हलेनात. हसून पाहिलं, ओठ जागचे हलेनात. बोलणंही दातांच्या फटीतून चाललं होतं. अरे देवा! यमाईने आपल्याचसाठी जीव धोक्यात घातला, आणि तिला सोडवायला आपल्याकडे चेहराच नाही!

तो धावतच बागेत गेला. तिथे पेरूच्या झाडावर एक साळुंकी राहत असे. वय एकशे चाळीस वर्षं, जीभ तिखट.

"रडायला आलास?" साळुंकीने विचारलं. "रड की मग. येतंय का रडू?"

"येत नाही," राजा म्हणाला. "उपाय सांग."

"तुझ्या पणजोबाला मीच शिकवलं. ऐंशीव्या वर्षी काय गाल होते त्याचे! रोज कसरत करायचा. तू बसलास लेप थापत. आता ऐक. चेहऱ्याचं मांस झोपलंय, त्याला उठवायचं. तीन सकाळी, तीन कसरती. मला चोच, करून दाखवता यायचं नाही. आणि गेलेल्या आठ्या परत येतील. चालेल?"

राजा घुटमळला. खोटं कशाला सांगू, बराच वेळ घुटमळला. मग म्हणाला, "चालेल."

पहिली सकाळ. "गाल फुगव," साळुंकी म्हणाली. "चूळ भरल्यासारखा वारा या गालातून त्या गालात ने. शंभरदा." राजा तळ्याकाठी बसला. आधी काहीच होईना. साठाव्या वेळी डावा गाल जरासा हलला, नव्वदाव्याला दोन्ही गाल टम्म फुगले! राजाला कोण हर्ष झाला! पण तेवढ्यात सज्ज्यातून रंगोपंतांनी पाहिलं.

"गाल फुगले! युद्ध! महाराजांनी युद्ध पुकारलं!"

नगारे झडले. दोन हजार घोडेस्वार वेशीबाहेर पडले. कुणाशी लढायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण निघाले जोरात. राजा अनवाणी त्यांच्यामागे धावत सुटला. कसंबसं सैन्य वळवलं, धापा टाकत सिंहासनावर येऊन बसला. पहिला पुकारा झाला. गाल हलले, भुवया हलल्या नाहीत.

दुसरी सकाळ. "ओठांचा चंबू कर, मग कानापर्यंत ताण. मोठ्याने म्हण, ऊ, ई, आ!" राजा म्हणत राहिला. ओठ सैल झाले, तोंडाच्या कडेला जुनी रेघ उमटली. राजाने तळ्यात ती पाहिली आणि पाणी ढवळून टाकलं. आणि समोरून कोण यावं? सेनापती भुजंगराव.

"चंबू!" रंगोपंत ओरडले. "सेनापतींचं लग्न ठरलं!"

घटकाभरात भुजंगरावांना हळद लागली. साठीचे गृहस्थ मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे राहिले, नवरी अजून ठरायची होती.

"रंगोपंत, आवरा!" राजा कळवळला.

"महाराज, मुद्रा म्हणजे मुद्रा," रंगोपंत म्हणाले.

भुजंगरावांना बोहल्यावरून उतरवेपर्यंत दुसरा पुकारा आला आणि गेला. कपाळ दगडासारखं थंडच राहिलं.

तिसरी सकाळ उजाडली. आता चुकलं तर यमाई गेली! "आज सिंहमुद्रा," साळुंकी म्हणाली. "डोळे वटार, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढ आणि गर्जना कर. गर्जनेबरोबर भुवया वर." राजाने गर्जना केली. तळ्यातले बेडूक काठावर आले. दुसऱ्या गर्जनेला बगळे उडाले. तिसरीला भुवई थरथरली, पण वर जाईना. तिकडे रंगोपंतांनी जीभ पाहिली. तिचा अर्थ, गडाचे दरवाजे उघडा. उघडले! सगळी प्रजा लोंढ्याने दरबारात शिरली.

राजा सिंहासनावर येऊन बसला. मधोमध यमाई उभी, हात बांधलेले. सिंहासनासमोर लेपनाथ, त्याच्या हातात मोठा आरसा.

"पाहा महाराज," तो मधाळ आवाजात म्हणाला. "केवढं हे रूप! भुवई उचललीत की गेलं. काहीच करू नका. फक्त बसून राहा."

आरशात पंचविशीचा राजपुत्र बसला होता, अगदी देखणा. राजाची नजर तिथून हलेना. खरं सांगते, त्या क्षणी त्याला तो चेहरा हवा होता.

"यमाई माळीण!" शेवटचा पुकारा सुरू झाला, तीन हाकांचा. "पहिल्यांदा! दुसऱ्यांदा!"

राजाने जोर लावला. गाल फुगले, ओठ ताणले, कपाळ ढिम्म. तेवढ्यात यमाईच ओरडली. आपल्याला कड्यावरून लोटणार आहेत हे बाई विसरूनच गेली.

"महाराज, असा जोर नका लावू! खांदे सैल सोडा. दात आवळू नका. इकडे बघा, माझ्याकडे!"

राजाने आरसा सोडून तिच्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, रेघाच रेघा, आणि त्यातली एकही रेघ स्वतःसाठी घाबरलेली नव्हती. राजाचा ऊर भरून आला. त्याने खांदे सोडले, श्वास सोडला.

"तिसऱ्यांदा!"

आणि भुवया वर गेल्या! कडाड्! वाळलेल्या चिखलासारखा लेप तडकला, त्याचे पापुद्रे मांडीवर पडले. कपाळावर आठ्या उमटल्या, एकेक ठसठशीत.

"भुवया!" रंगोपंत उड्या मारत किंचाळले. "सुटली! यमाई सुटली!"

आरशालाही चीर गेली. लेपनाथाने तोच लेप तीनशे वर्षं लावला होता. तोही तडकला, आणि आत कुणीच नव्हतं. रिकामी कफनी जमिनीवर पडली. शिपायांनी ती घडी करून ठेवली.

यमाईचे हात मोकळे झाले. ती पुढे आली, राजाचा चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाली, "आता कसं! आता माणसात आलात." ते ऐकून राजाच्या पोटातून काहीतरी उसळलं. गाल वर गेले, डोळे बारीक झाले, सगळा चेहरा एकदम हलला. रंगोपंत गोंधळले. सात पिढ्यांत त्या सिंहासनावर अशी मुद्रा झालीच नव्हती.

"युद्ध?" ते घाबरत म्हणाले. "लग्न? दुष्काळ? कुणीतरी सांगा हो, हुकूम काय आहे?"

"हुकूम कसला, पंत?" यमाई म्हणाली. "महाराज हसतायत."

मग सगळा दरबार हसला, आणि रंगोपंत सगळ्यात शेवटी. पुढे राजाने रोज पहाटे कसरत केली, प्रजेनेही केली, आणि दिवस वर येईपर्यंत मुद्रेला हुकूम मानायचं नाही असं ठरलं. राज्य पूर्ववत चालू लागलं. जशा यमाईला राजाच्या भुवया फळल्या, तसं त्याचं हसू सांगणारीला आणि ऐकणाऱ्याला फळो.