शिंपल्यांचं पांघरूण

समुद्र नुकताच तापायला लागला होता, त्या काळची गोष्ट. एक कासवीण अंडी घालायला किनाऱ्यावर आली, तर वाळू तव्यासारखी भाजत होती. तेवढ्यात बिळातून खेकडा बाहेर आला.

"कासवीणताई, अंडी पुरलीस की वर पांढरे शिंपले पसरू या. ते उन्हाला माघारी धाडतील, वाळू गार राहील."

"माझी अंडी खाणारा तू, आणि मला शहाणपण शिकवतोस?"

"खातो, खोटं कशाला बोलू? पण सगळीच उन्हानं शिजली, तर तुझा वंश बुडेल आणि माझी पोरंही उपाशी मरतील."

अंडी कुठे पुरते एवढंच याला बघायचं आहे, असं वाटून कासविणीनं त्याला हाकललं. अंडी पुरून ती लाटांआड वाट पाहत राहिली. एकही पिल्लू पाण्याकडे आलं नाही.

ते तिला वर्षानुवर्षं सलत राहिलं. शेवटी पोटात अंडी घेऊन ती पुन्हा आली. खेकडा आता सुरूच्या झाडाच्या मुळाशी राहत होता.

"खेकडेदादा, तेव्हा तू कोण तेवढंच मी पाहिलं, काय म्हणतोस ते ऐकलं नाही. आज ऐकते. चल, शिंपले पसरू."

खेकडा रागावला नाही. मुळांवर आदळणाऱ्या लाटांकडे पाहत तो हळूच म्हणाला, "कशावर पसरायचे, ताई? वाळूच उरली नाही."