गाढवाच्या पैशांचा सुवर्णकलश

एका गावात एक भोळा कुंभार राहायचा. नाव हरबा. तसे भोळे सगळ्याच गावांत असतात. पण ह्या गावाने भोळेपणाचा सगळा मान एकट्या हरबाला देऊन टाकला होता. बाकीच्यांना मग शहाणं म्हणवून घ्यायला मोकळीक झाली.

हरबाचं गाढव म्हातारपणाने मेलं. तळ्यावरची माती आता त्याची बायको सगुणा डोक्यावरून आणू लागली. पाटी जड, वाट चढाची. तिची मान अवघडली ती सुटेचना. शेवटी तिने मडकी विकून साठवलेले पैसे काढले. बरोबर एका गाढवाचे होते. ते तिने नवऱ्याच्या हातात दिले.

"बाजारात जावा आन गाढव घ्या. न्हाई कळलं, तर लई गर्दी दिसंल तिथं घ्या. चांगल्या मालाभवतीच गर्दी असती."

"बरं," हरबा म्हणाला.

बाजारात गाढवांपाशी चार माणसं होती. पलीकडे एका मांडवात मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. तिथे टाय लावलेले अलगुडे साहेब 'सुवर्णकलश योजना' समजावून सांगत होते. गर्दी बघून हरबा आत शिरला आणि त्याने पैसे पुढे केले. साहेबांनी ते न मोजता घेतले आणि त्याच्या हातात एक सोनेरी प्लास्टिकचा कलश ठेवला.

"तू कुंभार ना?" साहेब म्हणाले. "मग उतरंड तुला माहीत आहेच. तू वरचं मडकं. तुझ्याखाली दोन माणसं आणायची. त्यांनी आणखी दोन-दोन आणायची. खालच्यांचं सगळं चढत चढत तुझ्याकडे येणार."

"साहेब, उतरंडीत दाणे खालच्या मडक्यात असत्यात. वरचं रिकामं असतं."

"म्हणून तर ते वर चढवायचे."

"आन सगळ्यात खालचं मडकं कशावर ठिवायचं?"

"त्याच्याखाली नवीन मडकी येतच राहतात."

"मग उतरंड पडत न्हाई का? मडकी फुटत न्हाईत?"

"म्हणून तर आपला कलश प्लास्टिकचा," साहेब म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरबानेही वाजवल्या.

घरी सगुणा दारात उभी होती, हातात दावं घेऊन.

"अवं, गाढव कुठं हाय?"

"लई गर्दी ह्याच्यापाशीच हुती," असं म्हणून हरबाने कलश पुढे केला.

जिच्या घरात शंभर मडकी पडलेली, तिच्या घरी गाढवाच्या किमतीचं प्लास्टिकचं मडकं आलं. सगुणाला रडावं का नवऱ्याला झोडावं कळेना. "आवो, घ्यायच्या आदी दात तरी बघायचं!" ती ओरडली. "दात बघून घेतलं, तर मानूस फसत न्हाई."

"फुडल्या खेपंला बघतो," हरबा म्हणाला.

आता दोन माणसं आणायची होती. दुसऱ्या दिवशी हरबा कलश काखेत मारून गावात निघाला. पारावर बसलेल्या गुरवाचा जबडा त्याने उघडून पाहिला. दोन दाढा किडलेल्या निघाल्या, म्हणून त्याला सोडून दिलं. मग तो सरपंचांच्या वाड्यावर गेला. ओसरीवर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. हरबाने दोन बोटांनी त्यांचे ओठ वर केले. तोंडात एकही दात नव्हता, पण हातात काठी होती.

पाठ चोळत तो अलगुडे साहेबांकडे गेला. साहेबांनी कपाळावर हात मारला.

"अरे, दात नाही बघायचे! माणूस भेटला की विचारायचं, तुमची कुठली इच्छा राहून गेली? आणि म्हणायचं, सुवर्णकलशात या, पुरी होईल."

"बरं साहेब. फुडल्या खेपंला तसं करतो."

त्याच आठवड्यात रंगनाथ आबांचा दहावा होता. आबा म्हणजे गावातला पहिल्या नंबरचा चिकट माणूस. नदीच्या घाटावर पिंड मांडून दोन तास झाले, पण कावळा काही शिवेना. चिंचेवर पाच कावळे बसले होते. खाली आबांचे दोन मुलगे हात जोडून उभे होते. ऊन चढलं होतं आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"आबा, धाकटीचं लगीन करून दिऊ!" थोरला म्हणाला. कावळा हलला नाही.

"आबा, बांधाचं भांडान मिटवू!" धाकटा म्हणाला. कावळ्याने पाठ फिरवली.

"काय इच्छा राह्यली असंल ओ?" लोक एकमेकांना विचारू लागले.

हे ऐकलं आणि हरबा पुढे झाला. साहेबांनी सांगितलेलं हेच की! त्याने आबांच्या पिंडाला वाकून नमस्कार केला. "आबा, तुमची इच्छा राह्यली आसंल, तर सुवर्णकलशात या. पुरी हुईल."

नमस्कार करताना काखेतला कलश निसटला. दगडावर आपटून, टणाटण उड्या मारत नदीकडे गेला. त्या आवाजाने चिंचेवरचे कावळे उडाले. त्यातला एक गोंधळला आणि थेट पिंडावर येऊन बसला.

घाटावरच्या लोकांनी आधी पिंडाकडे आणि मग कलशाकडे पाहिलं.

"आबाला... कलश पायजे हुता," थोरला हळूच म्हणाला.

ज्या आबांनी जिवंतपणी देवापुढे कधी सुटा पैसा टाकला नाही, ते मेल्यावर पैसे गुंतवायला सांगतात, म्हणजे योजना खरीच असणार! मुलांनी त्याच दिवशी आबांच्या नावाने पैसे भरले. आबांच्या खाली दोन माणसं हवीत, म्हणून ते दोघे स्वतः शिरले. त्यांच्याखाली त्यांचे मेहुणे, मेहुण्यांखाली व्याही. मेलेला माणूस वर बसला आणि जिवंत गाव त्याच्या खाली रांगेने बसलं.

साहेबांनी गावात मांडव घातला. हरबाला हार घातला आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात पैसे ठेवले. बरोबर एका गाढवाचे.

"बघा! ह्या साध्या माणसाला मिळतात, तर तुम्हा शहाण्यांना का नाही मिळणार?" साहेब गरजले. मग त्यांनी हरबाला मंत्र दिला. "मिळालेलं घरी नेऊ नकोस. घरी नेलं की वाढ खुंटली. पुन्हा माझ्याकडे दे. एकाचे दोन होतील, दोनाचे चार."

"बरं साहेब."

त्या दिवशी राहिलेल्या गावानेही पैसे भरले. सरपंचांनी सासूबाईंच्या नावाने भरले.

सगुणा मात्र मांडवाच्या तोंडाशी नवऱ्याची वाट बघत उभी होती. "असंच्या असं बाजारात जावा," ती म्हणाली. "पैसं घरला आनू नगा, गाढव आना. माझी मान मोडायची वेळ आली ओ."

हरबा गेला. ह्या वेळी तो सरळ गाढवांपाशी गेला. दात पाहिले, पैसे दिले आणि गाढव घेतलं. धष्टपुष्ट गाढव. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक काम धड केलं होतं.

इकडे लहानशा गावात खाली घालायला माणसं संपली. शेवटी शिरलेले विचारू लागले, "आमच्या खाली कोन?" हा प्रश्न कानावर पडताच अलगुडे साहेबांनी जीपमध्ये पैशांची पोती भरली आणि पोबारा केला. पण ओढ्यापाशी जीप रुतली. साहेब घामाघूम होऊन पोती ओढत होते, तेवढ्यात समोरून हरबा आला, गाढव घेऊन.

गाढव बघून साहेबांचे डोळे चमकले. हरबाचेही चमकले. त्याला मंत्र आठवला.

दिवेलागणीला हरबा घरी आला. सगुणा दावं घेऊन दारात उभी होती.

"अवं, गाढव कुठं हाय?"

"घेतलं की. दात बघून घेतलं. पर घरी न्यायचं न्हाई म्हनून साहेब बोलले हुते. म्हनून त्यास्नीच दिलं."

"कुठं हाईत साहेब?"

"लई पोती हुती त्यांच्याकडं. त्यास्नी एकट्याला उचलंनात, म्हनून म्याच गाढवावर लादली आन ठेसनापातुर पोचवून आलो. आता एकाची दोन गाढवं हुत्याली."

सगुणा दावं तिथेच टाकून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी तिने पाटी उचलली आणि मातीला गेली. हरबा अंगणात खुंट्या ठोकत बसला. आधी दोन ठोकल्या, मग चार, मग आठ.

तेवढ्यात सगळं गाव काठ्या घेऊन आलं. पुढे सरपंच होते.

"हरबा, आमचं पैसं कुठं हाईत?"

"माझ्या गाढवावरनं गेलं," हरबा म्हणाला आणि पुढची खुंटी ठोकू लागला.

सरपंचांनी काठी उगारली. मग त्यांची नजर खुंट्यांवर गेली. "ह्या कशाला?"

"गाढवं बांधायला. येक दिलंय, दोन येनार. दोनाची चार."

सरपंचांनी खुंट्या मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. काठी हळूच खाली आली. मातीची पाटी घेऊन सगुणा परत आली तेव्हा तिला खुंट्यांतून आणि माणसांतून वाट काढत घरात जावं लागलं.

सरपंच हरबाजवळ उकिडवे बसले आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "गाढव न्हाई माझ्याकडं. दुभती म्हस चालंल का?"

हरबाने डोकं खाजवलं.

"चालंल," तो म्हणाला. "पर आदी दात बघू द्या."