तुरी उंदरीचं उबदार अंथरूण

एक होता बांध. बांधाला होतं एक बीळ. बिळात राहायची एक उंदरी. तिचं नाव तुरी.

तुरी एवढीशी. तिची शेपटी एवढीशी. तिचे पाय तर दिसायचेच नाहीत, इतकी ती भराभर धावायची. तुरु तुरु, तुरु तुरु.

तुरीला चार बाळं होती. गुलाबी गुलाबी. अंगावर अजून केस नाहीत. डोळे अजून मिटलेले.

दिवाळी संपली. सकाळी सकाळी दव पडायला लागलं. तुरी म्हणाली, "आता थंडी येणार. घर आवरायला हवं."

तिने शेपटीने केर काढला. सर सर सर.

भिंतीला एक फट होती. तिच्यात ओला चिखल भरला. थाप थाप थाप.

कोपऱ्यात ज्वारीचे दाणे रचले. टिप टिप टिप.

मग राहिलं अंथरूण. मऊ मऊ सावरीच्या कापसाचं. बाळं त्यावरच निजायची. तुरीने ते हुंगलं.

"दमट वास येतोय," ती म्हणाली. "जरा ऊन दाखवते."

तिने बाळांना एका कोरड्या पानाखाली ठेवलं. अंथरूण ओढत ओढत बाहेर आणलं. दगडावर पसरलं.

तेवढ्यात वारा आला. भुर्रर्र.

कापूस उडाला. तुरी मागे धावली. तुरु तुरु, तुरु तुरु. कापूस बोरीवरून गेला. कापूस विहिरीवरून गेला. कापूस दिसेनासा झाला.

तुरी बिळात परत आली. बाळं थरथरत होती. चूं चूं, चूं चूं.

"रडू नका रे," तुरी म्हणाली. "आई नवं अंथरूण आणते."

तुरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

माळावर एक मेंढी उभी होती. गोल गोल, लोकरीने भरलेली. तुरी म्हणाली,

"मेंढीताई, मेंढीताई, लोकर दे.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

मेंढी म्हणाली, "बेंऽऽ. देईन. पण आधी मला हिरवा घास हवा. सकाळपासून पोटात काही नाही. उपाशीपोटी मलाच गार वाटतंय. त्यात लोकर कशी काढून देऊ?"

"बरं," तुरी म्हणाली. "गवताकडे जाते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

ओढ्याच्या काठी गवत होतं. पण ते होतं पिवळं. मान खाली घालून बसलेलं. तुरी म्हणाली,

"गवतदादा, गवतदादा, घास दे.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

गवत अगदी हळू बोललं. "देईन. पण आधी मला पाणी हवं. बघ, मी कसा वाळून गेलोय. ओढाही आटला. माझा घास मेंढीच्या दाताला टोचेल."

"बरं," तुरी म्हणाली. "पाटाकडे जाते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

पाट म्हणजे शेतातली पाण्याची वाट. पाण्याने त्या वाटेने जायचं आणि सगळ्यांना भेटायचं. पण आज पाणी एकाच जागी उभं होतं. तुरी म्हणाली,

"पाटमामा, पाटमामा, पाणी द्या.
पाटाचं पाणी गवताला.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

पाट कुरकुरला. "बुडबुड. देईन. पण आधी माझ्या तोंडातली माती काढायला हवी. केवढं ढेकूळ पडलंय बघ. मला नीट बोलतासुद्धा येत नाही. बुडबुड. हौसाकाकूंना सांग. त्यांच्या फावड्याने ते निघेल."

"बरं," तुरी म्हणाली. "काकूंकडे जाते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

हौसाकाकू वांगी तोडत होत्या. टोपली अर्धी भरली होती. तुरी टोपलीच्या काठावर चढली. ती म्हणाली,

"हौसाकाकू, हौसाकाकू, फावडं चालवा.
काकूंचं फावडं पाटाला.
पाटाचं पाणी गवताला.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

हौसाकाकूंनी वांगं खाली ठेवलं. "अगं बाई, एवढीशी तू आणि केवढं बोलतेस. चालवीन. पण आधी फावड्याला दांडा हवा. काल मोडला, काड्कन. फावडं नारबा सुतारांकडे टाकलंय. ते काही अजून बसवून देत नाहीत. तूच जाऊन विचार."

"बरं," तुरी म्हणाली. "आबांकडे जाते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

ऊन आता डोक्यावर आलं होतं. पण नारबाआबा बसले होते सावलीत, गार फरशीवर. दोन्ही हात काखेत. तुरी म्हणाली,

"नारबाआबा, नारबाआबा, दांडा बसवा.
आबांचा दांडा फावड्याला.
काकूंचं फावडं पाटाला.
पाटाचं पाणी गवताला.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

नारबाआबांनी हात पुढे केले. बोटं वाकडी झाली होती.

"बसवीन गं माझे बाय," ते म्हणाले. "पण आधी मला ऊब हवी. बोटं पार आखडलीत. हातोडी धरायला जातो, ती खाली पडते. शेकोटी पेटली तर लगेच बसवीन."

"बरं," तुरी म्हणाली. "शेकोटीकडे जाते."

तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत तिचं बीळ लागलं. तुरी थांबली. आत डोकावली. बाळं एकमेकांना चिकटून पडली होती. धाकटं सगळ्यांच्या कडेला होतं. ते चूं चूंसुद्धा करत नव्हतं. नुसतं थरथरत होतं.

तुरीने त्याला उचललं. सगळ्यांच्या मधे ठेवलं. त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली. हाऽऽ, हाऽऽ.

"येतेच मी," ती म्हणाली. आणि आधीपेक्षा जोरात पळाली.

तुरु तुरु तुरु तुरु, तुरु तुरु तुरु तुरु.

वस्तीच्या मधोमध एक मोठी चिंच होती. चिंचेजवळच शेकोटीची जागा होती. सगळी वस्ती तिथे शेकायला यायची. पण आता नुसती राख दिसत होती. राखेत एक लाल डोळा मिटमिटत होता. तुरी म्हणाली,

"शेकोटीबाई, शेकोटीबाई, ऊब दे.
शेकोटीची ऊब आबांना.
आबांचा दांडा फावड्याला.
काकूंचं फावडं पाटाला.
पाटाचं पाणी गवताला.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

शेकोटीने जांभई दिली. "देईन. पण आधी मला काटक्या हव्यात. सुक्या, कडकडीत. नाही तर मी निजलेच समज."

"निजू नको," तुरी म्हणाली. "चिंचआजीकडे जाते."

चिंचआजी शेजारीच होती. तुरीने मान वर केली. आणखी वर केली. आणखी वर केली. मग ती म्हणाली,

"चिंचआजी, चिंचआजी, काटक्या दे.
चिंचेच्या काटक्या शेकोटीला.
शेकोटीची ऊब आबांना.
आबांचा दांडा फावड्याला.
काकूंचं फावडं पाटाला.
पाटाचं पाणी गवताला.
गवताचा घास मेंढीला.
मेंढीची लोकर बाळांना.
बाळांना थंडी वाजते, हुडहुडहुड."

चिंचआजीने खाली पाहिलं. मग म्हणाली, "देईन. फांदी हलवली की काटक्या पडतील. पण मला फांदी हलवता येत नाही. पंचमीला कुणी तरी झोका बांधला होता. झोका नेला, दोरी राहिली. ती अशी आवळलीय, फांदीला कळ लागते. आधी ती दोरी सोडायला हवी."

"दोरी कोण सोडेल?" तुरीने विचारलं. "मी कुणाकडे जाऊ?"

"ते काही मला माहीत नाही," चिंचआजी म्हणाली.

तुरीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं. तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पायाने पुसलं.

मग तिने आपले पाय पाहिले. एवढेसे पाय. "माझ्या पायांनी गाठ सुटायची नाही," ती म्हणाली. मग तिने जिभेने दात चाचपले. "पण मला दात आहेत."

तुरी चिंचेवर चढली. सुर सुर सुर. फांदीवर पोहोचली. दोरी होती तिच्याहून जाड. तुरीने दात लावले.

कुरु कुरु कुरु.

दोरीचा एक धागा तुटला. दुसरा तुटला. तुरीचे दात दुखले. ती थांबली. तिला धाकटं बाळ आठवलं. तिने पुन्हा दात लावले.

कुरु कुरु कुरु. कुरु कुरु कुरु.

तट्ट. दोरी तुटली.

"हुश्श," चिंचआजी म्हणाली. "फांदी मोकळी झाली. आता घट्ट धर हं."

चिंचआजीने फांदी हलवली. सळ सळ सळ. काटक्या पडल्या. काड काड काड. थेट शेकोटीत.

शेकोटी जागी झाली. तिने काटक्या खाल्ल्या. तड तड तड. ज्वाळा उठली. सगळीकडे ऊब पसरली.

तुरी आबांना बोलवायला धावली. नारबाआबा आले. शेकोटीपाशी बसले. हात शेकले. एक बोट सरळ झालं. मग दुसरं. मग सगळी.

"आण ते फावडं इकडे," आबा म्हणाले. मग त्यांना आठवलं. "छे, तुला कुठे उचलतंय ते. मीच आणतो."

आबांनी फावडं आणलं. दांडा बसवला. ठक ठक ठक.

हौसाकाकूंनी दुरून आवाज ऐकला. त्या फावडं न्यायला आल्या. "आबा, झालं का एकदाचं?"

"झालं," आबा म्हणाले. "या बाईने करून घेतलं."

हौसाकाकू पाटावर गेल्या. फावडं मारलं. खसक खसक खसक. ढेकूळ निघालं.

पाट बोलायला लागला. आता अगदी नीट. खळ खळ खळ. पाणी निघालं. वांग्यांना भेटलं. मिरच्यांना भेटलं. मग गवताला भेटलं.

गवत पाणी प्यालं. गट गट गट. त्याने मान वर केली. पिवळं पातं हिरवं झालं. एक झालं, दोन झाली, सगळी झाली.

"ने आता," गवत म्हणालं. "हवा तेवढा घास ने."

तुरीने घास आणला. मेंढी जेवली. कचर कचर कचर. पोट भरलं. अंग तापलं.

"बेंऽऽ," मेंढी म्हणाली. "आता घे लोकर."

मेंढीने बाभळीला पाठ घासली. खस खस खस. लोकरीचा पुंजका निघाला. तो केवढा होता? तुरीहून मोठा.

तुरी मागे गेली आणि लोकर ढकलायला लागली. गड गड गड, तुरु तुरु. गड गड गड, तुरु तुरु. पुढून तुरी दिसेचना.

हौसाकाकू शेकोटीजवळून घरी चालल्या होत्या. त्या वाटेतच थांबल्या. "नारबाआबा, इकडे बघा. लोकर एकटीच चाललीय."

"एकटी नाही, काकू," लोकरीमागून आवाज आला. "मी आहे."

काकू हसल्या. आबाही हसले. लोकर पुढे गेली. गड गड गड, तुरु तुरु.

सूर्य डोंगरावर टेकला. तुरी बिळाशी पोहोचली.

लोकर आत जाईना. तुरीने ढकलली. तरी जाईना. तुरी आत शिरली आणि आतून ओढली. भस्सकन लोकर आत आली. तुरी तिच्याखाली गेली. मग बाहेर आली. कान झटकले.

तिने लोकर पसरली. बाळांना एकेक करून तिच्यावर ठेवलं. एक. दोन. तीन. आणि धाकटं, चार. वरूनही थोडी लोकर ओढली.

आधी मोठं बाळ थरथरायचं थांबलं. मग दुसरं. मग तिसरं. तुरी धाकट्याकडे बघत राहिली.

धाकटं हललं. लोकरीत शिरलं. आणि म्हणालं, "चूं."

तुरी हसली.

बाहेर थंडी आली. बोरीवर बसली. विहिरीवर बसली. बिळापाशी आली आणि आत डोकावली. आत सगळीकडे लोकरच लोकर. थंडीला टेकायलाही जागा नव्हती. ती निघून गेली.

तुरी खूप दमली होती. ती बाळांच्या मधे शिरली. शेपटी अंगाभोवती गुंडाळली. पाय पोटाशी घेतले.

बाळं निजली. तुरी निजली. आता तुमचे पाय बघू. पांघरुणाबाहेर आहेत का? घ्या बरं आत.