केरबा शेलारचं जर्मन पदक

“चाचा, नकलीला नकली म्हणायला एवढा वेळ कशाला?”

साताऱ्यातल्या आपल्या खोलीत दस्तगीर अत्तार ते पदक तळहातावर घेऊन कधीचे बसले होते. पलटणीतल्या पदकांना उजाळा देता देता ते म्हातारे झाले होते. आता लोक लांबून त्यांच्याकडे पदकं पारखायला आणत.

विचारणारा पुष्कर आगटे, त्यांचा शिष्य. पाच वर्षं शिकलेला. जर्मन पदकांत आपला हात कोणी धरणार नाही, असं त्याला वाटे.

समोर सगुणाबाई शेलार बसल्या होत्या. पदक त्यांच्या सासऱ्यांचं.

“का नकली?” चाचांनी विचारलं.

“हा जर्मन लोखंडी क्रॉस. मधला भाग लोहचुंबकाला चिकटायला हवा. चिकटत नाही. कडेला चांदी हवी. इथं सगळा ॲल्युमिनियमचा पत्रा. मधलं नाझी चिन्ह नाही. आणि मागे चक्क मराठीत ‘केरबा’! अक्षरं तर बघा... कोरणाऱ्याला धड शिरोरेघ ओढता येत नाही. जुन्या बाजारातला माल आहे.”

सगुणाबाईंनी मान खाली घातली.

“एका अधिकाऱ्यानंबी असंच म्हटलं हुतं. झेंडावंदनाला आलेला. साऱ्या गावादेखत. मामंजींनी तिथंच छातीवरनं काढलं. मरेस्तवर पुन्हा लावलं न्हाई.”

“ते स्वतः काय सांगायचे?” चाचांनी विचारलं.

“दुसऱ्या महायुद्धात इटलीत जर्मन कैद्यांवर पहारा हुता. थंडी मरणाची. एका कैद्याला ताप भरला, तर मामंजींनी आपलं कांबळं त्याच्या अंगावर घातलं. एकमेकांचं बोलणं कुणालाच कळत नव्हतं. बरा झाला तवा त्यानं हे हातावर ठेवलं... गाव म्हणायचं, म्हातारा थापा मारतो. आता शाळेत गावच्या फौजी शिपायांच्या आठवणीसाठी खोली बांधलीया. तिथं ठेवू, का विहिरीत टाकू, तेवढं सांगा.”

एक कागद ओढून चाचांनी त्यावर उर्दूत एक शब्द लिहिला आणि तो पुष्करपुढे सरकवला.

“याच्याखाली असाच उतरव.”

“मला उर्दू येत नाही, चाचा.”

“म्हणूनच.”

पुष्कर लिहू लागला. सवयीनं डावीकडून. एकेक वळण त्यानं सुटं काढलं, मग जोडायला गेला. जोड भलतीकडेच गेले. एक टिंब राहूनच गेलं.

चाचांनी पदक पालथं केलं आणि कागद त्याच्या शेजारी ठेवला.

पुष्कर एकदा कागदाकडे बघे, एकदा पदकाकडे...

“बाजारातल्या माणसानं ‘केरबा’ सरळ लिहिलं असतं,” तो सावकाश म्हणाला. “ज्यानं हे कोरलं, त्याला आपली अक्षरं येतच नव्हती. बघून बघून काढलीत त्यानं.”

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण बघितली कुठं?”

“मामंजींच्या हातावर नाव गोंदलं हुतं की,” सगुणाबाई म्हणाल्या. “हितं, मनगटाच्या वर.”

पुष्करनं पदक पुन्हा सुलटं केलं.

“आणि ते नाझी चिन्ह का नाही?” त्यानं हळूच विचारलं.

“नकली करणारा तेच आधी घालतो,” चाचा म्हणाले.

“म्हणजे यानं ते मुद्दाम गाळलं...”



पुष्कर उठला. पदक दोन्ही हातांत घेऊन त्यानं ते सगुणाबाईंसमोर धरलं.

“बाई, माझं चुकलं. हे फसवायला केलेलं नाही, त्या कैद्यानं आपल्या हातानं केलंय. सासरे खरं बोलत होते. मी तसं लिहून देतो, शाळेत तेही लावा.”

सगुणाबाईंनी पदक कपाळाला लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“झेंडावंदनाला मीच घेऊन जाईन,” त्या म्हणाल्या. “मीच.”

पुष्करनं दाखल्याचा कागद पुढे घेतला. धातू... जेवणाच्या डब्याचा पत्रा असावा. मिळालं कोणाला... शिपाई केरबा शेलार. पुढच्या रकान्याशी पेन थांबलं.

“चाचा, देणाऱ्याचं नाव ठाऊक नाही. रेघ मारून टाकू?”

“नको. जागा कोरी सोड... तिकडंही अशीच गोष्ट जपणारी कुणाची तरी सून असेल.”